गावातल्या चाळिशीची कादंबरी कुठं आहे?

पऱ्हाटी | ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका गावात मी वाचनालय सांभाळते. ड वर्गाचं आहे, एक खोली आणि दोन कपाटं. संध्याकाळी कापसाच्या वेचणीहून परतताना सात-आठ जणी अर्धा तास टेकतात. तिघींना वाचता येत नाही, म्हणून मी सांगते आणि त्या ऐकतात. गेले तीन महिने फ्लोबेर या फ्रेंच लेखकाची 'मादाम बोव्हारी' चालू आहे. अनुवाद पुढ्यात ठेवायचा आणि आपल्या वऱ्हाडीत सांगत जायचं.

परवा कृषी प्रदर्शनाचा प्रसंग आला. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खाली मैदानात साहेब लोकांची भाषणं चालू आहेत, उत्तम डुक्कर, उत्तम खत अशी बक्षिसं पुकारली जाताहेत. वर नगरपालिकेच्या खिडकीत रोदोल्फ नायिका एमाचा, दुसऱ्याच्या बायकोचा, हात हातात घेऊन प्रेमाचं बोलतो आहे. त्याचं एक वाक्य, खालचं एक बक्षीस, अशी वीण आहे. आमच्या बाया खो खो हसल्या. मग एका म्हाताऱ्या मोलकरणीचं नाव पुकारतात. एकाच शेतावर ५४ वर्षं चाकरी केली म्हणून चांदीचं पदक, किंमत २५ फ्रँक. ती घाबरते, पुढं जायला तयार होत नाही. तिच्या हातांचं वर्णन सांगताना खोलीतलं हसणं थांबलं. प्रत्येकीनं आपापले हात पाहिले. आणि एकीनं विचारलं, "चौपन वर्षं? अन् मंग तिचा जीव कोठी लागला नाही का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एमाची तगमग अख्ख्या पुस्तकभर आहे. त्या म्हातारीला पानभर जागा मिळते.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. लग्नाबाहेर जीव लागणं, चाळिशी-पन्नाशीत आयुष्य उसवल्यासारखं वाटणं यावर आपण इतकं वाचलं. त्यात वावरातली माणसं कुठं आहेत?

एक सांगते. ओळख पटू नये म्हणून नातं आणि गाव थोडं बदललंय. आमच्यातले एक काका, तेव्हा ४८ वर्षांचे. पोरीचं लग्न झालेलं, पोरगा पुण्याला कंपनीत. हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही (नीलगायी) शिरतात म्हणून काका रात्री जागलीला जात. इथवर सगळ्यांचंच होतं. पण हरभरा निघाला, वावर मोकळं झालं, तरी काकांची जागल सुटली नाही. शेजारच्या वावरात झोपडी करून एक बाई राहायची, नवरा वारलेला, मजुरी करायची. सगळ्या गावाला ठाऊक होतं. काकूंनाही.

मला जे विसरता येत नाही ते असं. काका दोन भाकरी खाणारा माणूस. काकू शिदोरीत चार बांधायच्या. चुलीपुढं बसून मी स्वतः पाहिलंय. ज्वारीच्या चार भाकरी, मधे ठेचा, वर फडक्याची गाठ. गाठ मारताना त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत.

शहरातल्या गोष्टीत चोरून भेटणं असतं, चिठ्ठी सापडते, फोन वाजतो. तिथं गुपितावर गोष्ट चालते. गावात गुपित राहतच नाही. मग गोष्ट चालते कशावर? मला वाटतं, ज्यांना माहीत आहे आणि जे बोलत नाहीत त्यांच्यावर. ही गोष्ट कोणी लिहिली आहे का? तुमच्या वाचनात आली असेल तर सांगा. स्वतःचं, पाहिलेलं असेल तर तेही.

नागपुरी_संत्रं | ११ जानेवारी, रात्री १०:०२

यंदाच्या कृषी प्रदर्शनात खताच्या स्टॉलवर कोण कोणाशी बोलते ते नीट पाहून घेतो! धागा लय भारी काढला ताई. वाचून राहिलो.

तळेगावकर | ११ जानेवारी, रात्री १०:४५

आपल्याकडे या विषयाचा मूळपुरुष ययाती. देवयानी बायको, शर्मिष्ठेशी चोरून संबंध, सासऱ्याचा शाप, अकाली म्हातारपण, आणि मग पोटच्या पोराकडे, पुरूकडे, तारुण्य मागणं. महाभारतातली ही कथा खांडेकरांनी १९५९ साली कादंबरीत आणली आणि तिला पुढं ज्ञानपीठ मिळालं. मी ती बावीसाव्या वर्षी वाचली तेव्हा ययातीचा राग आला होता. पन्नाशीत पुन्हा वाचली तेव्हा भीती वाटली. आरशात केस पिकलेले दिसले की माणूस काय काय मागू शकतो!

पण पऱ्हाटीताईंचा प्रश्न राहतोच. ययाती राजा आहे. त्याला जागल करावी लागत नाही.

रानमेवा | ११ जानेवारी, रात्री ११:१०

पुरूच्या बायकोला कोणी विचारलं? नवरा रातोरात म्हातारा झाला त्या बाईला?

तळेगावकर | ११ जानेवारी, रात्री ११:२२

गिरीश कारनाडांनी विचारलं. त्यांच्या 'ययाती' नाटकात (१९६१) पुरूची बायको चित्रलेखा सासऱ्यासमोर उभी राहून जाब मागते. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं लिहिलंय ते. तुझ्यासारख्यांनी जरूर वाचावं.

निंबोणी | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

मी मूळची दर्यापूरची, आता वीस वर्षं पुण्यात. दोन गोष्टी.

पहिली, एमा चाळिशीची नाही हो. तरुण पोर आहे ती. टॉलस्टॉयच्या ॲना कॅरेनिनाचा मुलगाही आठ वर्षांचाच आहे. या दोघींना आपण पोक्त समजतो कारण त्यांच्यामागं दु:ख मोठं आहे. खरी उतरणीची गोष्ट हवी असेल तर चेखॉव्हची कुत्रेवाल्या बाईची कथा (१८९९) वाचा. गुरोव चाळिशीच्या आतबाहेरचा, बारा वर्षांची मुलगी, दोन मुलगे शाळेत. आजवर बायकांना हलक्यात घेत आलेला माणूस. शेवटी आरशात त्याला आपले पांढरे होत चाललेले केस दिसतात आणि पहिल्यांदाच खरोखर कोणावर तरी प्रेम बसलंय हे कळतं. चेखॉव्ह कोणाला मारत नाही. दोघं बसून विचार करतात, यातून वाट काढायची कशी, आणि कथा तिथं थांबते. सगळ्यात अवघड भाग आत्ता कुठं सुरू होतोय एवढंच सांगून.

दुसरी, गौरी देशपांडे. 'एकेक पान गळावया' आणि 'तेरुओ' मी बाळंतपणानंतर वाचली. नवरा वाईट नाही, मारत नाही, दारू पीत नाही, तरी बाईचा जीव दुसरीकडे ओढला जाऊ शकतो हे मराठीत इतकं मोकळं लिहिणारी माझ्यापुरती ती पहिली. मला वाटलं होतं मीच एकटी बिघडले आहे. कोणी तिच्या नायिकांना 'पासपोर्टवाल्या बाया' म्हणून उडवून लावतं तेव्हा मला आतून लागतं. परदेशात राहणारीची तगमग खोटी, आणि धुऱ्यावरची खरी, असं असतं का?

रानमेवा | १२ जानेवारी, सकाळी ८:५०

निंबोणीताई, कोणी खोटी म्हणत नाही. पण गौरीच्या नायिकेला रागानं घर सोडायचं असेल तर जायला दुसरं घर आहे, पगार आहे. माझ्या आईला वर्ध्याला जायचं तरी एसटीचे पैसे वडिलांकडं मागावे लागतात. तगमग सारखी असेल, रस्ता सारखा नाही. कथा तर रस्त्यावरच चालते ना?

आणि पऱ्हाटीताई, रागावू नका. चार भाकऱ्यांची गोष्ट वाचून सगळे 'काय थोर बाई' म्हणणार हे मला दिसतंय. मला ते सहन होत नाही. नवऱ्याच्या बाईला जेवण बांधून देणं यात थोरवी कसली? तिला दुसरा इलाज नव्हता. आपण तिच्या लाचारीला सोन्याचं पाणी देतोय.

अडकित्ता | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

थोर कोणीच म्हटलं नाही अजून. थांब जरा.

तारीख_पे_तारीख | १२ जानेवारी, दुपारी १:०५

जिल्हा कोर्टात वकिली करतो. कायद्याच्या अंगानं पाहा, कादंबरीइतकंच विलक्षण आहे.

फ्लोबेरवर या पुस्तकापायी खटला झाला, नीतीला धक्का लावला म्हणून. फेब्रुवारी १८५७ मध्ये तो सुटला. तीन वर्षांनी इकडं भारतीय दंड संहिता आली आणि तिच्यात कलम ४९७. दुसऱ्याच्या बायकोशी त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवला तर पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. बाईला शिक्षा नाही. ऐकायला बाईच्या बाजूचं वाटतं. पण तक्रार करायची कोणी? त्या बाईच्या नवऱ्यानं. वाट चुकलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या बायकोला तो हक्कच नव्हता. आणि बाई विधवा असेल तर गुन्हाच घडत नव्हता, कारण दुखावायला नवराच नाही! म्हणजे पऱ्हाटीताईंच्या काकांनी त्या कायद्यानं काहीही केलेलं नव्हतं, आणि काकूंचं काहीही गेलेलं नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम रद्द केलं, ते बरंच झालं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या न्याय संहितेतही ते नाही. घटस्फोटासाठी मात्र हे कारण आजही चालतं, हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३.

आता माझा अनुभव. खेड्यातून माझ्याकडं येणाऱ्या, विशेषतः पंचेचाळीस-पन्नाशीच्या बाया घटस्फोट मागत नाहीत. त्या विचारतात, "साहेब, सातबाऱ्यावर माहं नाव चढते का?" नवऱ्यानं तिकडच्या नावानं दोन एकर करून द्यायच्या आत. गेल्या पावसाळ्यात एक बाई आली होती. अर्धा तास नवऱ्याबद्दल एक वाईट शब्द बोलली नाही. फक्त गट नंबर सांगत राहिली. तोंडपाठ होते तिला, चतुःसीमेसकट. पूर्वेला कोणाचं वावर, दक्षिणेला नाला, बांधावर निंबाची किती झाडं. ही कादंबरी लिहायची तर पहिलं वाक्य गट नंबरचं लागेल असं मला त्या दिवशी वाटलं.

नागपुरी_संत्रं | १२ जानेवारी, दुपारी १:४०

वकीलसाहेब, तुम्हीच लिहा न मंग. फी आम्ही सारे मिळून देतो.

धानपट्टा | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

मी वडश्याजवळचा. तुम्ही म्हणता ही गोष्ट कोणी लिहिली नाही. आमच्याकडं रोज रात्री होते!

दिवाळीनंतर धान निघाला की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा. गावात दिवसा शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), रात्री नाटक, पार पहाटेपर्यंत. लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे मुक्कामाला. आमचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. इकडं शहरातल्या समीक्षकांचं लक्ष कमी, पण मंडप भरलेला असतो.

आणि विषय काय? बहुतेक वेळा हाच. नवरा, बायको, तिसरी, सासू, दारू, जमीन. भडक असतं, रडवतात, मधेच गाणं टाकतात. मान्य. पण ऐका. दोन वर्षांमागं आमच्या शेजारच्या गावात नाटक पाहत होतो. रात्रीचा दीड झाला असेल, थंडी अशी की प्रत्येक जण चादरीत. रंगमंचावर नवरा दुसरीला घरी घेऊन येतो आणि बायको त्याच्या पायावर पडते, रडते. पुढच्या रांगेतली एक बाई, साठीची असेल, चादर टाकून उभी राहिली आणि ओरडली, "उठ वं माय! कायले पाया पडतं त्याच्या?" मंडपातल्या बाया एकदम कलकलल्या. नटी क्षणभर थांबली. मग उठली. पुढचं सगळं बोलणं तिनं उभ्यानं म्हटलं.

मला ते नाटकाचं नावही आठवत नाही. ते उठणं आठवतं.

पऱ्हाटी | १२ जानेवारी, रात्री ९:१५

धानपट्टा भाऊ, अंगावर काटा आला. उद्या आमच्या बायांना हे आधी सांगते, एमा नंतर.

रानमेवा, रागावले नाही. तू म्हणतेस ते मीही कैक वर्षं मानत होते. पण चार भाकऱ्या लाचारीच्या असत्या तर त्या करपलेल्या, जाडजूड असत्या असं मला वाटतं. त्या पातळ होत्या, चांगल्या टम्म फुगलेल्या. याचा अर्थ काय ते मला लागत नाही, म्हणून तर धागा काढला.

अडकित्ता | १२ जानेवारी, रात्री ९:३२

जागलीवरून आठवलं, आता सगळीकडं सोलरचं झटका मशीन लागलं. तारेला हात लावला की झटका. डुकरं बंद, जागल बंद. यापुढच्या काकांनी सांगून जायचं कुठं?

तळेगावकर | १२ जानेवारी, रात्री १०:०५

झटक्यानं रोही थांबत नाही हो, उडी मारून जातो. आमच्याकडं दोन तारा वाढवल्या तरी तूर खाल्ली. असो, विषयावर येतो.

विदर्भातली कादंबरी म्हणाल तर उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०). वऱ्हाडी बोली, आणि नायिका कौतिक. नवरा कर्तृत्वशून्य, संसार तिच्या एकटीच्या हाडांवर. पण तिची सगळी धग पोटाची आहे. तिला क्षणभर तरी दुसरं काही वाटायला उसंत कुठं आहे? कदाचित म्हणूनच आपल्याकडं ही कथा कमी लिहिली गेली. भूक आधी. लेखकालाही वाटत असावं, हिच्या तोंडी मनाच्या तगमगीचं बोलणं घातलं तर वाचक हसतील.

रानमेवा | १२ जानेवारी, रात्री १०:२०

लेखकाला वाटत असावं हे मान्य. पण ते खरं नाही. वेचणीला गेलेल्या बायांच्या रांगेत एक दिवस चालून पाहा. पोटाची भूक असलेली बाई दुसऱ्या गोष्टीवर बोलतच नाही असं वाटतं का तुम्हाला? पऱ्हाटीच्या तासात जे जे बोललं जातं ते इथं लिहिलं तर ॲडमिन धागा बंद करतील.

निंबोणी | १२ जानेवारी, रात्री १०:४१

खरंय. आणि जात्यावरच्या ओव्या पाहा ना, सवत काय, परनार काय, माहेरची ओढ काय, नवऱ्याचा राग काय, सगळं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पहाटे चारला, पुरुष झोपलेले असताना, जात्याच्या आवाजाआड बाया बोलत होत्या. मग गावात गिरणी आली. दळणाचा त्रास गेला ते चांगलंच, माझ्या आजीचे खांदे सुटले. पण ती पहाटेची आडोशाची जागा गेली.

'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द १९६५ सालचा, एलियट जॅक नावाच्या मनोविश्लेषकानं काढलेला. त्यानं कलावंतांच्या आयुष्यांवरून मांडणी केली होती. शब्द आता आला म्हणून दुखणं आत्ताचं नाही, एवढंच म्हणते.

जुनी_सायकल | १३ जानेवारी, रात्री १२:५०

दोन दिवस वाचतो आहे. लिहू की नको करत होतो. लाईन रात्रीची आहे, मोटार चालू आहे, धुऱ्यावर बसून लिहितो.

वय ५१. दोन एकर ओलीत, सात कोरडवाहू. दोन पोरी, दोघींची लग्नं झाली. लॉकडाऊनमध्ये आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. सगळ्या गावांत निघाले तसा. त्यात एक वर्गमैत्रीण, आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. आधी सुप्रभातचे फुलांचे फोटो. मग ग्रुपबाहेर. मग एक दिवस तिनं विचारलं, "जेवलास का?"

कोणी हसू नका. मला ते पंधरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. घरी विचारतात, "वाढू का?" दोन्हीत काय फरक आहे ते मला अजून सांगता येत नाही, पण आहे.

पुढं काही झालं नाही. भेट नाही, काही नाही. फक्त लाईनीच्या रात्री मी इथंच बसून बारा-एक वाजेपर्यंत लिहीत असायचो. कापसाचा भाव, तिच्या नवऱ्याची बदली, शाळेतल्या मास्तरांच्या नकला. सात-आठ महिने. एका रात्री घरची टॉर्च घेऊन आली. एवढा उशीर झाला म्हणून, साप असतात म्हणून. पाण्याचा दांड फुटला होता. पाणी शेजाऱ्याच्या वावरात चाललं होतं, माझा हरभरा कोरडा, आणि मी दहा पावलांवर बसून मोबाईलमध्ये. ती काही बोलली नाही. फावडं उचललं, माती ओढली, दांड बांधला. घोटाभर चिखलात उभी होती. टॉर्च तिनं बगलेत धरली होती, उजेड माझ्या तोंडावर होता.

मी ग्रुप सोडला. बायकोवर उपकार म्हणून नाही. तो उजेड सहन झाला नाही.

पऱ्हाटीताई, तुम्ही विचारलं अशी कथा कुठं आहे. मला वाचायची आहे ती ही, जिथं काहीच घडत नाही आणि तरी दांड फुटतो. रानमेवा, आमच्या घरची लाचार नाही. ती त्या रात्री काही बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

तळेगावकर | १३ जानेवारी, सकाळी ६:३०

दादा, तुम्ही लिहिलीत की कथा. हसणार कोण?

तुमचं वाचून रवींद्रनाथांची 'नष्टनीड' (१९०१) आठवली. भूपती वर्तमानपत्रात बुडालेला. बायको चारू एकटी, आणि तिचा जीव गुंततो नात्यातल्या अमलमध्ये. तिथंही तसं 'काही' घडत नाही. शेवटी भूपती म्हैसूरला नोकरीवर निघतो. चारू म्हणते मला घेऊन चला. तो घुटमळतो. मग भानावर येऊन म्हणतो, चल. तोवर तिला ते घुटमळणं दिसलेलं असतं. ती म्हणते, नको, राहू द्या. एवढ्या दोन शब्दांत घर मोडतं.

तारीख_पे_तारीख | १३ जानेवारी, सकाळी १०:१०

जुनी सायकल, ते 'जेवलास का' घरी तुम्ही कधी विचारलंत का? मी काल रात्री हे वाचून विचारलं. बायको म्हणाली, "काय झालं? बरं नाही का?"

जुनी_सायकल | १३ जानेवारी, दुपारी २:००

विचारतो आता. पहिल्यांदा तिनंही असंच पाहिलं होतं.

रानमेवा | १३ जानेवारी, दुपारी २:३५

मी काल जे लिहिलं त्यातला 'लाचारी' शब्द जुनी सायकल यांच्या घरच्यांपुरता मागं घेते. काकूंपुरता नाही. पऱ्हाटीताई, काकू आहेत ना अजून? मग आपण सगळे इथं अर्थ लावत बसण्यापेक्षा त्यांनाच विचारा ना.

पऱ्हाटी | १६ जानेवारी, रात्री ८:५५

उशीर झाला. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि ते निमित्त करून मी काकूंकडं गेले. काका जाऊन आता सहा वर्षं झाली. ती बाई त्याच्याही आधी गाव सोडून लेकाकडं गेली. इथं लिहू का म्हणून विचारलं, त्या म्हणाल्या, नाव नको टाकू, बाकी लिही.

तीळगूळ झाला, बाकीच्या उठल्या. मी तशीच बसले. मग सरळ विचारलं, "काकू, तुम्ही चार भाकरी कायले बांधत होत्या?"

त्या बराच वेळ वाण म्हणून मिळालेली प्लास्टिकची गाळणी फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "दोन बांधल्या तं तो मंधरातीच वापस ये. भूक लागे त्याले. चार बांधल्या की फटफटलोक येत नव्हता."

मला कळलं नाही. त्यांना ते दिसलं असावं.

"पयले दोन-तीन महिने लय रडली मी. विहिरीवर जाऊन बसली होती एक डाव. तुह्या सासूनं आणलं मले घरी. मंग एका राती जाग आली तं घरात कोणीच नाही. सासरा वारला होता, पोट्टे बाहीर, तो वावरात. लग्न झाल्यापासून पयल्यांदा. मी बाजीवर आडवी निजली. हात-पाय पसरून. तुले सांगतो, तशी झोप मले माहेरीबी लागली नव्हती." मग जरा थांबून, "तो रातचा घरी असला की पाणी दे, पाय दाब, कंदील कर, खोकला आला तं उठ. चार भाकरीत एक रात भेटे मले."

मी विचारलं, राग नव्हता का. त्या म्हणाल्या, "राग होता ना. तो सकाळी करत होती."

जसं ऐकलं तसं लिहिलंय. तेव्हापासून मी पुन्हा पुन्हा त्या चुलीपुढं जाऊन बसते मनात, आणि काकू गाठ मारताना माझ्याकडं का बघत नव्हत्या ते आता वेगळं दिसतंय. मला वाटत होतं त्यांना लाज वाटते.

निंबोणी | १६ जानेवारी, रात्री ९:३०

गौरी देशपांडे असती तर या बाईला भेटायला आली असती. याहून जास्त काही सुचत नाही.

धानपट्टा | १६ जानेवारी, रात्री ९:४४

ताई, 'राग सकाळी करत होती' हे कोण्या नटीच्या तोंडी पडलं तर मंडप उठून उभा राहील. आमच्या इथल्या एका लेखकाला सांगू का? नाव-गाव काही सांगत नाही.

पऱ्हाटी | १६ जानेवारी, रात्री ९:५८

काकूंना विचारून सांगते. त्या नाही म्हणणार नाहीत असं वाटतं, त्यांना नाटकं आवडतात.

रानमेवा | १६ जानेवारी, रात्री १०:१५

मी तीनदा वाचलं. माझा शब्द पूर्ण मागं. आईला वाचून दाखवलं, ती पोळ्या करत होती, काही बोलली नाही, पण गॅस बारीक करून ऐकलं.

एक विचारू? तुम्ही काकूंना त्या पदकवाल्या म्हातारीचं सांगितलं का?

पऱ्हाटी | १६ जानेवारी, रात्री १०:४०

सांगितलं. ५४ वर्षं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "पंचवीस म्हणजे आपले किती?" विचारलं, मला सांगता आलं नाही. मग म्हणाल्या, पुढं काय केलं तिनं त्या चांदीचं? मी म्हटलं, ती पदक घेऊन जाताना स्वतःशीच पुटपुटते की हे गावच्या पाद्रीला देऊन टाकीन, म्हणजे तो माझ्यासाठी प्रार्थना करील.

काकू गाळणी ठेवायला उठल्या. फळीवर जागा करता करता, माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "मी नसतं देलं."